एकशे बाराचे एकशे सोळा

धुळ्याच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात चाळीस फुटांची केबल मी माझ्या हाताने टाकली होती, आणि टाकतानाच मला माहीत होतं की ती इतकी लांब असायला नको.

जळगावात माझं छोटं दुकान होतं. प्रिंटर दुरुस्ती, संगणकांची जोडणी, रिबन, केबली असलं काम. जळगाव ते धुळे रस्त्यावरच्या बऱ्याच ऑफिसांची कामं माझ्याकडे असत. मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन मी एसटीने जायचो. हे ट्रान्सपोर्ट दोघा भावांचं होतं. थोरले शेठ जळगावच्या गोडाऊनवर बसत, धाकटे धुळ्याला. धुळ्याच्या जागेत पुढे काउंटर आणि मागे लांबलचक गोडाऊन. काउंटरवर एक संगणक, गोडाऊनमध्ये दुसरा. प्रिंटर मात्र एकच, काउंटरपाशी. टकटक करत कार्बनच्या चार प्रती काढणारा जुन्या पद्धतीचा. मालाची बिल्टी, म्हणजे गाडीबरोबर जाणारी पावती, दोन्ही संगणकांवरून त्याच्यावरच छापायची. त्यासाठी मी मध्ये एक पेटी बसवली होती. लोखंडी, विटेएवढी, पुढे गोल खटका. खटका ‘ए’वर फिरवला की काउंटरचा संगणक प्रिंटरला जोडला जाई, ‘बी’वर फिरवला की गोडाऊनचा.

त्या केबलींतून एकेक अक्षर आठ तारांवरून एकदम जातं. एखाद्या तारेने चूक केली की अक्षर बदलतं. केबल दहा-बारा फुटांची असेल तर सहसा काही होत नाही. त्यापुढे भरवसा नाही. त्यातून शेजारी विजेची मोठी तार असेल तर अजिबातच नाही. गोडाऊनचा संगणक प्रिंटरपासून चाळीस फुटांवर होता, आणि मधल्या भिंतीवरून पलीकडच्या वेल्डिंगच्या दुकानाची लाइन गेलेली होती. भिंतीत खिळे आयते होते म्हणून मी माझी केबल त्याच लाइनीला पट्ट्यांनी बांधत नेली.

धाकट्या शेठनी तेव्हा विचारलं होतं, “एवढ्या लांब चालेल ना? नाहीतर मालेगावचा एक जण येतो म्हणतोय.”

गोडाऊनमध्ये दुसरा प्रिंटर घ्या, असं सांगायला हवं होतं. मला ते काम सोडायचं नव्हतं. मी म्हटलं, “चालेल.”

दीड वर्ष चाललंही. मग उन्हाळ्यात वेल्डिंगवाल्या चाचांनी नवीन, मोठं मशीन घेतलं. हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच की थोरल्या शेठचा फोन आला, “धुळ्याचा प्रिंटर मध्येच काहीबाही छापतोय. जाऊन ये.”

वैशाखातले दिवस होते. धुळ्याला उतरलो तेव्हा बारा वाजून गेले असतील. ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. मी वाकून आत गेलो आणि लगेच शिंकायला लागलो. गोडाऊन दोंडाईच्याच्या लाल मिरचीने भरलं होतं. हवेत तिखट तरंगत होतं. काउंटरवर कोणी नव्हतं. गोडाऊनच्या कारकुनाला सगळे नाना म्हणत. साठीला आलेले, अंगाने वाळकुडे. ते आत जाणाऱ्या दारापाशी स्टुलावर बसले होते आणि त्यांचा डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता.

आतून फटक्याचा आवाज आला. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. पाठोपाठ माणसाचा आवाज.

मी दारातून पाहिलं. छताला आधार दिलेल्या लोखंडी खांबाला एक माणूस बांधला होता. पस्तिशीचा असेल. सुतळीने मनगटं मागे आवळली होती. शर्ट पाठीवर फाटून लोंबत होता. धाकट्या शेठच्या हातात ट्रकचा जुना पंख्याचा पट्टा होता. चार हमाल पोत्यांना टेकून उभे होते. त्यातले दोघे खाली बघत होते.

“कोण आहे तो?” मी नानांना हळूच विचारलं.

“आपलाच ड्रायव्हर. परवा जळगावला मिरची घेऊन गेला. बिल्टीवर पोती एकशे सोळा. तिथे उतरली एकशे बारा.” नानांना बोलताना गाल दुखत होता. “हा पारोळ्याजवळच्या खेड्यातला. शेठ म्हणतात, वाटेत चार पोती घरी उतरवली.”

“तो काय म्हणतो?”

“म्हणतो, एकशे बाराच भरली होती. माझ्या संगणकात पण एकशे बाराच दिसतात. ते मी सांगितलं शेठला.” त्यांनी गालाला हात लावला. “तर म्हणाले, तू पण त्याला सामील आहेस.”

स्टुलाजवळच्या खोक्यावर ती बिल्टी पडली होती. मी उचलली. पोती, एकशे सोळा. खाली ड्रायव्हरची वेडीवाकडी सही. वर गाडीचा नंबर. नाना म्हणाले, त्या नंबरात शेवटी नऊ असायला हवा होता. तिथे बरोबरचं चिन्ह छापलं होतं, दोन आडव्या रेघा.

तिथेच मला कळलं. आठांतली एक ठरावीक तार चुकली की नऊचं बरोबरचं चिन्ह होतं. तीच तार चुकली की दोनाचा सहा होतो. एकशे बाराचे एकशे सोळा. माझी केबल.

मी बोलायला हवं होतं. बिल्टी हातात होती, शेठ पंधरा पावलांवर होते. मी बिल्टी परत खोक्यावर ठेवली, काउंटरकडे गेलो आणि पिशवीतून पेचकस काढला.

आजवर मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. खात्री करायला नको का, पुरावा नको का, रागावलेल्या माणसासमोर मोकळ्या हाताने कसं जायचं. सगळं खरं आहे. पण ते मी नंतर रचलेलं आहे. त्या वेळी मला फक्त भीती वाटत होती, आणि हातांना नेहमीचं काम दिलं की बरं वाटत होतं.

आधी प्रिंटर बंद करून बटण दाबून परत चालू केला. असं केलं की तो स्वतःचाच चाचणी कागद छापतो. कागद स्वच्छ आला. म्हणजे प्रिंटर ठीक. आतून दोन फटके ऐकू आले. मग खटका ‘ए’वर ठेवून काउंटरच्या संगणकावरून शून्य ते नऊ आकडे ओळीने छापले. पन्नास ओळी, एकही चूक नाही. धाकटे शेठ आत ओरडत होते, “कोणाच्या घरी उतरवली? नाव सांग.” मग खटका ‘बी’वर. नानांना म्हटलं, तेच आकडे तुमच्या संगणकावरून पाठवा. नाना आत गेले. प्रिंटर छापू लागला. वीस ओळी बरोबर आल्या. तेवढ्यात भिंतीवरच्या झरोक्यातून निळा लखलखाट झाला. पलीकडे वेल्डिंग सुरू झालं होतं. पुढच्या ओळीत दोनाचा सहा, शून्याचा चार, आठाच्या जागी बाणाचं टोक. लखलखाट थांबला, ओळी सरळ झाल्या. पुन्हा झाला, पुन्हा बिघडल्या.

एवढं पुरेसं होतं. तरी मी थांबलो नाही. पेटीमागच्या दोन्ही केबली काढून उलट्या लावल्या, पेटीत दोष आहे का ते बघायला. दोष केबलीबरोबर सरकला. पेटी निर्दोष. आत आता पट्ट्याचा आवाज थांबला होता आणि हाताने मारल्याचा येत होता, कानशिलात, एका पाठोपाठ एक. ड्रायव्हर ओरडायचा थांबला होता.

मी घड्याळ पाहिलं. बिल्टी खाली ठेवल्याला वीस मिनिटं झाली होती.

कागद फाडून घेतला आणि आत गेलो. शेठनी एक पोतं फाडून मिरची जमिनीवर ओतली होती. ड्रायव्हरला खांबावरून सोडवून, हात मागे तसेच बांधलेले ठेवून, गुडघ्यांवर बसवलं होतं. एका हमालाला त्याची मान धरायला लावली होती. ड्रायव्हरचं तोंड त्या ढिगाऱ्यात होतं. त्याच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ जबड्यापर्यंत आली होती आणि तिला मिरचीचा चुरा चिकटला होता.

“शेठ, थांबा,” मी म्हणालो. “पोती गेलेली नाहीत. छापताना आकडा चुकलाय.”

“तू कधी आलास?”

“हे बघा. नानांनी सगळ्या ओळी सारख्याच पाठवल्या होत्या. इथून दोनाचे सहा झालेत. बिल्टीवर पण तेच झालं. एकशे बाराचे एकशे सोळा.”

शेठनी कागद घेतला. पट्टा काखेत धरून, दोन्ही हातांनी कागद उजेडाकडे करून बघितला. हमालाने ड्रायव्हरची मान आपणहून सोडली. ते शरमतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा हळूहळू तापत गेला.

“हे कोणामुळे?” त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, “बाजूला वेल्डिंग सुरू झालं की असं होतं.”

शेठनी कागद टाकला. कोपऱ्यात टॉमी पडली होती, ट्रकच्या चाकाचे नट फिरवायची लोखंडी दांडी. ती उचलून ते शटरकडे निघाले. हमालही मागे गेले. मी “शेठ, शेठ” म्हणत पाठीमागे धावलो, पण पुढचं वाक्य तोंडातून निघेना.

चाचा दुकानापुढे फुटपाथवर उकिडवे बसून खिडकीचं ग्रिल जोडत होते. तोंडापुढे काळ्या काचेची ढाल धरलेली. त्यांना शेठ येताना दिसलेच नाहीत. शेठनी ढालीला लाथ मारली. चाचा मागे कलंडले आणि हात वर करून म्हणाले, “शेठ, काय झालं?”

टॉमी त्या वर केलेल्या हातावर बसली. कोपराच्या खाली. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो कोरडा आणि लहान असतो. चाचा ओरडले नाहीत. त्यांनी हाताकडे पाहिलं. तो मध्येच वेगळ्या दिशेला वळला होता.

दुकानातून त्यांचे दोन कारागीर लोखंडी अँगलचे तुकडे घेऊन बाहेर आले. पहिला तुकडा एका हमालाच्या खांद्यावर बसला. दुसऱ्या हमालाने कारागिराला उचलून ग्रिलवर फेकलं; ग्रिल तापलेलं होतं. समोरच्या टायरवाल्याकडून, चहाच्या टपरीवरून माणसं धावत आली आणि येतानाच दोन बाजूंनी वाटली गेली. कोण कोणाकडून, हे कपड्यांवरून आणि दाढ्यांवरून ठरत होतं. भांडण कशाचं आहे हे त्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. एक दगड उभ्या ट्रकच्या काचेवर बसला. कोणीतरी म्हणालं, “शटर पाडा.” दुसरा कोणी मोबाइलवर आणखी माणसं बोलवत होता.

तेव्हा मी ओरडलो. मोठ्याने बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज फाटतो, तसा माझा फाटला.

“चाचांची चूक नाही. केबल मी टाकलीये. इतकी लांब टाकायची नसते, मला माहीत होतं. चूक माझी आहे.”

हे तीनदा ओरडलो असेन. पहिल्या दोनदा कोणी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा जवळची माणसं थांबली. मग त्यांच्या पुढची. मोडका हात मांडीवर धरून बसलेल्या चाचांनी मान वर केली. “मग आधी बोलायचं होतं ना, बेटा,” ते म्हणाले. एवढंच.

शेठनी टॉमी खाली टाकली. माझी कॉलर धरून मला ओढत शटरखालून आत नेलं. काउंटरवर माझी पेटी होती. त्यांनी ती केबलींसकट उपटली आणि माझ्या तोंडावर मारली. समोरचे दोन दात तिथेच गेले. दुसरा घाव भुवईवर बसला. तिसऱ्याला मी हात आडवा केला तर करंगळी मोडली. मी खाली पडलो. मग बुटांची लाथ बरगडीत, एक, दोन. मला आठवतं, प्रत्येक लाथेच्या आधी मी तिची वाट बघत होतो. ते एकच वाक्य म्हणत होते, “चालेल म्हणाला होतास. चालेल म्हणाला होतास.” नाना माझ्या अंगावर पालथे पडले. म्हाताऱ्या माणसाला लाथ मारावी का याचा शेठना क्षणभर विचार पडला असावा. तेवढ्यात बाहेर पोलिसांची गाडी आली.

शेठ बाहेर गेले. नाना उठून भिंतीला टेकले. मी गोडाऊनकडे सरपटत गेलो, कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं की ड्रायव्हरला कोणीच सोडलेलं नाही. तो चोर नाही हे कळून पाव तास झाला होता, बाहेर एवढं रणकंदन झालं होतं, आणि तो हात मागे बांधलेल्या अवस्थेत मिरचीत आडवा पडला होता. मी खिशातल्या तार कापायच्या पक्कडीने सुतळी कापली. मनगटं काळी पडली होती. त्याचे डोळे सुजून बंद झाले होते. कोणी हात लावला एवढंच त्याला कळलं. तो अंग चोरून मागे सरकला.

“मी चोर नही, भाऊ,” तो म्हणाला. “बठ्ठा पोता मोजीसन उतारात.”

हमालांच्या माठातलं पाणी मी त्याच्या तोंडावर ओतलं. सगळी पोती मोजून उतरवली, हेच तो म्हणत राहिला. मी काय बोललो मला आठवत नाही. तोंडात रक्त होतं, शब्द नीट निघत नव्हते. आणि मी त्याच्या डाव्या बाजूला होतो; तो कान गेलेला असल्याने त्याला त्यातलं काही ऐकू आलं नसणार.

पुढचं सगळं हळूहळू झालं. सरकारी दवाखान्यात आम्ही तिघंही एकाच व्हरांड्यात होतो, चाचा, ड्रायव्हर आणि मी. संध्याकाळी थोरले शेठ गाडी घेऊन आले. प्रत्येकाच्या नातेवाइकांशी हात जोडून बोलले. ड्रायव्हरच्या घरच्यांनी तक्रार दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला गावी घेऊन गेले. चाचांनी दिली. साक्षीदार म्हणून माझं नाव लागलं. जबाब घेणारा हवालदार चांगला माणूस होता. मी केबलीचं सांगायला लागलो तेव्हा त्याने लेखणी थांबवली.

“हे कशाला लिहायचं? तू मार खाल्लास तेवढं सांग.”

“मारामारी त्या केबलीमुळेच झाली,” मी म्हटलं. त्याने खांदे उडवून लिहून घेतलं.

प्रकरण पुढे मिटवलं गेलं. चाचांचा हात जुळला पण सरळ होत नाही. आता ते बसून कारागिरांना सांगतात, स्वतः मशीन धरत नाहीत. नानांनी नोकरी सोडली. गोडाऊनमध्ये दुसरा प्रिंटर आला, दुसऱ्या कोणी बसवला. त्या रस्त्यावरची माझी निम्मी कामं गेली. शेठच्या विरोधात जबाब देणारा माणूस कोणाला ऑफिसात नको होता. घरी बायकोने विचारलं, एवढं कशाला सांगत बसलात? मी तिला म्हटलं, जेव्हा सांगायला हवं होतं तेव्हा सांगितलं नाही. तिला ते नीट समजलं असं वाटलं नाही.

दोन महिन्यांनी, करंगळीची पट्टी निघाल्यावर, मी पारोळ्याला उतरून त्याच्या गावी गेलो. घर विचारत विचारत सापडलं. तो ओसरीवर खाटेवर बसला होता. गाडी चालवणं बंद झालं होतं. त्याने मला ओळखलं नाही. त्याने मला पाहिलंच कुठे होतं. बायकोने पाणी आणून दिलं. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो, कारण त्याने मान वळवून तो कान पुढे केला होता. मी सगळं सांगितलं. पेटी, केबल, वेल्डिंग, दोनाचा सहा. माझं संपलं तेव्हा त्याने विचारलं,

“तुले कव्हय समजनं?”

कधी समजलं, हे विचारत होता. मी म्हणालो, “बिल्टी पाहिली तेव्हाच. आल्या आल्या.”

“आनि बोलना कव्हय?”

“वीस मिनिटांनी.”

तो अंगणाकडे बघत राहिला. तिथे शेळी बांधली होती. मग त्याने विचारलं, तोपर्यंत मी काय करत होतो.

“पेटी तपासत होतो,” मी म्हणालो.

तो उठला. वयाने आणि अंगाने तो माझ्यापेक्षा मोठा होता. त्याने उघड्या हाताने माझ्या डाव्या कानशिलात मारली. मी खाटेवरून खाली गेलो. उठलो. त्याने परत मारली, तिथेच. त्याची बायको मधे आली नाही. दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तिसऱ्यांदा त्याने हात उचलला आणि तो तसाच खाली आणला. त्याला धाप लागली होती. तो खाटेवर बसला आणि त्याने दोन्ही तळवे मांड्यांवर घासले, काहीतरी पुसावं तसे.

“जाय आते,” तो म्हणाला.

मी निघालो. त्याची बायको फाट्याकडच्या वळणापर्यंत माझ्यामागून आली. मला वाटलं तीही काही बोलेल. तिने माझ्या हातात माझी विसरलेली पिशवी दिली. म्हणाली, त्यांच्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजते, त्यामुळे झोप नाही, त्यामुळे असे चिडतात. जणू मीच काही समजून घ्यायचं होतं.

एसटी तासाभराने आली. एरंडोल मागे पडेपर्यंत माझा कान वाजत होता. जळगाव येईपर्यंत थांबला.